गॉथम बाउल: दोन सामन्यांचा इतिहास

अमेरिकन कॉलेज फुटबॉलचा (म्हणजे हेल्मेटवाला, आपला नव्हे!) सीझन संपला की निवडक टीम्सना बोलावून ‘बाउल’ सामने भरवतात. रोझ बाउल त्यातला सगळ्यात जुना. पण मला बंद पडलेल्या बाउल्सचंच कौतुक जास्त. उदाहरणार्थ, न्यूयॉर्कचा गॉथम बाउल.

१९६० साली सामना ठरला, पण पुरेशा टीम्सच मिळेनात, म्हणून रद्द! १९६१ मध्ये पोलो ग्राउंड्सवर बेलरने यूटा स्टेटला २४-९ असं हरवलं. प्रेक्षक जेमतेम पंधरा हजार.

मग १५ डिसेंबर १९६२. यांकी स्टेडियम, उणे १० अंश थंडी, त्यात शहरातल्या वर्तमानपत्रांचा संप. सामना आहे हे लोकांना कळणार तरी कसं? खर्चाच्या चेकची खात्री पटेपर्यंत नेब्रास्काची टीम लिंकनहून हलायलाच तयार नव्हती. साठ हजारांहून जास्त माणसं मावणाऱ्या स्टेडियममध्ये आले ६,१६६ जण.

आणि मॅच कसली झाली! नेब्रास्का ३६, मायामी ३४. सर्वोत्तम खेळाडू ठरला हरलेल्या मायामीचा जॉर्ज मिरा.

गॉथम बाउल पुन्हा कधीच झाला नाही. आमच्या धंद्यात अशा प्रोजेक्टवर ‘फेल’चा शिक्का मारून मोकळे होतात. पण नेब्रास्काचा तो पहिलाच बाउल-विजय होता, आणि कोच बॉब डिव्हेनींचं तिथलं पहिलंच वर्ष. १९७० आणि १९७१ मध्ये त्याच डिव्हेनींच्या टीमने राष्ट्रीय विजेतेपद मिळवलं.

आयोजकांचं दिवाळं आणि खेळाडूंची दिवाळी, दोन्ही एकाच दुपारी. मग फेल नक्की कोण झालं?