दार उघडलं, पण अडत किती?

मंडळी, पोस्ट लांब आहे, सवडीनं वाचा. विषय मोबाईलचा आहे. पण ज्यानं मार्केट यार्डात एकदा तरी कांद्याची पट्टी हातात घेतलीय, त्याला तो लगेच कळेल.

आज आपल्या फोनमध्ये पाच-पन्नास ॲप सहज असतात. पैसे पाठवायचं, रेल्वेचं तिकीट काढायचं, सातबारा बघायचं, पोरांच्या अभ्यासाचं. यातली बहुतेक ॲप फोन बनवणाऱ्या कंपनीनं बनवलेली नाहीत, बाहेरच्या लोकांनी बनवलीत. याची आता इतकी सवय झालीय की हे दार एकेकाळी बंद होतं आणि ते उघडावं म्हणून भांडणं झाली, हे कुणाच्या लक्षातही राहिलं नाही.

९ जानेवारी २००७ ला स्टीव्ह जॉब्सनं आयफोन जगाला दाखवला. त्यात ॲपलची स्वतःची ॲप तेवढी होती. बाहेरच्यांना प्रवेश नाही. जॉब्सचं म्हणणं असं, की फोन म्हणजे काही कॉम्प्युटर नव्हे. कुणीही काहीही त्यात घातलं आणि ऐन वेळेला फोनच लागला नाही तर काय करायचं? वरवर बघता हे चूक नव्हतं.

११ जून २००७ ला ॲपलचं डेव्हलपर लोकांचं संमेलन झालं. प्रोग्रॅम लिहिणारे आशेनं बसले होते. जॉब्सनं सांगितलं, तुम्ही वेबसाईट बनवा, ती आमच्या सफारी ब्राउझरमध्ये चालेल, दिसायला ॲपसारखीच दिसेल. सभागृह थंड पडलं. लोकांना अर्थ बरोबर कळला होता. ओसरीवर बसा, चहा घ्या, माजघरात यायचं नाही!

२९ जूनला फोन विकायला आला आणि काही आठवड्यांतच कुलूप तोडणारे निघाले. कुठं हौशी पोरं, कुठं मुरलेले प्रोग्रॅमर, पण सगळ्यांनी मिळून वाट शोधली आणि ॲपलची परवानगी नसलेली ॲप आयफोनवर चालायला लागली. याला ‘जेलब्रेक’ म्हणतात, म्हणजे तुरुंग फोडणं. सप्टेंबरमध्ये ॲपलनं अपडेट सोडलं आणि दुसऱ्या कंपनीच्या सिमसाठी उघडलेले कितीतरी फोन निकामी झाले. लोक भडकले. पैसे आम्ही मोजले, फोन आमचा, आणि कुलूप मात्र तुमचं?

१७ ऑक्टोबर २००७ ला जॉब्सनं माघार घेतली. एक जाहीर पत्र लिहिलं, की बाहेरच्यांना ॲप बनवायची साधनं पुढच्या फेब्रुवारीत देऊ. सुरक्षा सांभाळायचीय म्हणून वेळ लागतोय. गंमत म्हणजे या पत्रात त्यानं उदाहरण दिलं नोकियाचं! ज्या ॲपवर बनवणाऱ्याची डिजिटल सही आहे तेच चालू द्यायचं, ही नोकियाची रीत त्याला योग्य दिशेची वाटत होती. तीन आठवड्यांनी, ५ नोव्हेंबरला, गूगलनं अँड्रॉइडची घोषणा केली. शेजारी दुसरा बाजार उभा राहणार हे दिसल्यावर दार बंद ठेवणं आणखी अवघड झालं.

शेवटी ६ मार्च २००८ ला अटी जाहीर झाल्या. कुणीही ॲप बनवा. वर्षाला ९९ डॉलर भरा. ॲप विकलं जाईल ते आमच्याच दुकानातून. घ्यायचं की नाही ते आम्ही ठरवू. विक्रीतले ७० टक्के तुमचे, ३० टक्के आमचे.

आता प्रतिक्रिया बघा. पहिल्या चार दिवसांत एक लाखाहून जास्त लोकांनी ती साधनं डाउनलोड केली. अमेरिकेतल्या एका मोठ्या गुंतवणूक कंपनीनं आयफोनसाठी ॲप बनवणाऱ्यांकरता १० कोटी डॉलरचा फंड काढला. लोक हरखून गेले, आणि त्याला कारण होतं. त्याआधी मोबाईलवर काही विकायचं तर टेलिफोन कंपनीच्या दारात उभं राहावं लागायचं. आपल्याकडचं आठवा. कॉलर ट्यून, जोक, क्रिकेटचा स्कोअर, सगळं एसएमएसवर. त्यातला मोठा वाटा कंपनी ठेवायची आणि बनवणाऱ्याच्या हातात उरलंसुरलं पडायचं. त्या जगात ‘७० टक्के तुमचे’ हे ऐकायलाच गोड होतं.

दुसरा एक गट तेव्हाही विचारत होता, की दार एकच का? तुम्ही ॲप नाकारलंत तर आम्ही जायचं कुठं? ३० टक्के कुणी ठरवले, आणि उद्या ४० केले तर? पण हा आवाज बारीक होता. गड्ड्याच्या पहिल्या दिवशी पाळण्यात बसायचं सोडून जागेच्या भाड्याची चर्चा कोण करतो?

१० जुलै २००८ ला दुकान उघडलं. पहिल्या दिवशी ५०० ॲप होती. पहिल्या शनिवार-रविवारपर्यंत एक कोटी डाउनलोड झाले. २२ ऑगस्टला आयफोन थ्रीजी भारतात आला, किंमत ३१,००० रुपयांपासून पुढं. त्या काळात आपल्याकडं हातोहात नोकिया होता. मेमरी कार्डात गाणी भरून घ्यायची, जावा गेम ब्लूटूथनं मित्राकडून घ्यायची. आपलं ॲप स्टोअर म्हणजे कोपऱ्यावरचं मोबाईलचं दुकान. त्यामुळं अमेरिकेतली ही भांडणं आपल्यापर्यंत पोहोचलीच नाहीत.

तिकडं काही महिन्यांतच कुरकुर सुरू झाली. सुरुवातीला तर करारच असा होता, की ॲप बनवणाऱ्यांनी तंत्राबद्दल एकमेकांशी उघडपणे बोलायचंही नाही. ऑक्टोबर २००८ मध्ये ॲपलनं ती अट काढली. पॉडकास्ट ऐकायचं एक ॲप नाकारलं, कारण आमच्या आयट्यून्ससारखंच काम करतं म्हणे. २००९ मध्ये गूगल व्हॉइसचं ॲप अडकलं, तेव्हा अमेरिकेच्या सरकारी दूरसंचार आयोगानं विचारणा केली. म्हणजे दार उघडून जेमतेम वर्ष झालं होतं आणि प्रश्न आला होता, की यार्डाचा मालक आणि यार्डातला सगळ्यात मोठा व्यापारी एकच असेल तर न्याय कोण देणार?

इथं जरा आपल्या बाजारात येऊ.

पूर्वी शेतकरी माल घेऊन थेट व्यापाऱ्याच्या पेढीवर जायचा. रुमालाखाली बोटं धरून भाव ठरायचा, काटा व्यापाऱ्याचा, हिशेबही त्याचाच. महाराष्ट्रात १९६३ चा बाजार समिती कायदा आला. उघड लिलाव, परवानाधारक अडत्या, नोंद असलेलं वजन. ही सुधारणाच होती, कुणी नाकारू नये. पण माल यार्डातच विकायचा, हा नियम पुढं गाठीसारखा आवळत गेला. अडत, हमाली, तोलाई, एकेक वजावट पट्टीवर चढत गेली. २०१६ साली सरकारनं फळं-भाजीपाला कायद्याच्या बंधनातून मोकळा केला आणि अडत शेतकऱ्याऐवजी खरेदीदाराकडून घ्यायचं ठरवलं. शेतकऱ्याला वाटलं, सुटलो.

आणि फेब्रुवारी २०२३ मध्ये काय झालं? बार्शी तालुक्यातल्या एका शेतकऱ्यानं आपल्या सोलापूरच्या बाजारात ५१२ किलो कांदा विकला. भाव किलोला एक रुपया. गाडीभाडं, हमाली, तोलाई वजा जाऊन हिशेबात उरले अवघे २ रुपये ४९ पैसे! देशभर बातमी झाली. अडतीचं नाव पट्टीवरून गेलं होतं, तरी बाकीच्या वजावटी होत्याच आणि भाव पडल्यावर त्यांनी सगळं खाल्लं.

आता हीच पट्टी मोबाईलच्या बाजारात वाचा. भारतात शंभरातले नव्वदहून जास्त स्मार्टफोन अँड्रॉइडचे. अँड्रॉइडचं दार म्हणायला उघडं आहे, ॲप बाहेरून घालता येतं. पण फोनबरोबर आधीच येतं ते गूगलचं प्ले स्टोअर, आणि गिऱ्हाईक तिथंच जातं. सप्टेंबर २०२० मध्ये प्ले स्टोअरवरून पेटीएम काही तासांसाठी काढलं गेलं. त्याच महिन्यात गूगलनं बजावलं, की ॲपमधून डिजिटल वस्तू-सेवा विकाल तर पैसे आमच्याच यंत्रणेतून घ्यायचे आणि ३० टक्के द्यायचे. भारतीय उद्योजकांनी ओरड केली. गूगलनं भारतासाठी मुदत वाढवली. २०२१ मध्ये छोट्यांसाठी, म्हणजे वर्षाच्या पहिल्या दहा लाख डॉलरच्या कमाईवर, १५ टक्क्यांचा दर आला. ॲपलनंही छोट्यांना तशीच सवलत दिली.

२० ऑक्टोबर २०२२ ला भारतीय स्पर्धा आयोगानं अँड्रॉइड प्रकरणात गूगलला १,३३७.७६ कोटींचा दंड केला. २५ ऑक्टोबरला प्ले स्टोअरच्या पैसे घेण्याच्या नियमांवरून आणखी ९३६.४४ कोटींचा. जानेवारी २०२३ मध्ये सर्वोच्च न्यायालयानं पहिल्या आदेशाला स्थगिती द्यायला नकार दिला. मग गूगलनं सांगितलं, की आमच्या यंत्रणेशेजारी दुसरी यंत्रणाही ठेवा, चालेल. तसं केलं तर आमचा वाटा चार टक्क्यांनी कमी. ३० चे २६, १५ चे ११. आणि त्या दुसऱ्या यंत्रणेचा खर्च? तो ज्याचा त्यानं बघायचा. वजावटीचं नाव बदललं, एकूण बेरीज जवळपास तिथंच. कांद्याच्या पट्टीची आठवण येते की नाही?

१ मार्च २०२४ ला तर गूगलनं शुल्क भरलं नाही म्हणून अनेक भारतीय कंपन्यांची ॲप काढली. त्यात मुंबईची शादी डॉट कॉम आणि कुकू एफएम होती, नोकरी डॉट कॉम होती. केंद्रीय मंत्री अश्विनी वैष्णव यांनी हे चालणार नाही म्हणून सांगितलं, बैठक बोलावली, आणि काही दिवसांत ॲप परत आली. चांगलं झालं. पण ज्यांच्यासाठी मंत्री बोलले त्या मोठ्या कंपन्या होत्या. विजापूर रोडवर भाड्याच्या खोलीत बसून दोन पोरांनी बनवलेलं ॲप उद्या काढलं, तर कोण बैठक बोलावणार?

आता दुसरी बाजूही बघू, नाहीतर पोस्ट एकांगी होईल. दाराला राखणदार लागतोच. कर्ज देणाऱ्या ॲपनी लोकांना किती छळलं ते आपण पाहिलंय. केंद्र सरकारनं संसदेत दिलेल्या माहितीनुसार सप्टेंबर २०२२ ते ऑगस्ट २०२३ या काळात गूगलनं अशी २,२०० हून जास्त ॲप काढली. व्हॉट्सॲपवर लग्नपत्रिका किंवा आरटीओ चलन म्हणून येणारी एपीके फाईल उघडली की खातं रिकामं होतं, हेही खरं. तेव्हा २००७ साली जॉब्सनं सांगितलेली भीती अगदीच बहाणा नव्हती. फक्त एक विचारायचं, की राखणदारीचा पगार विक्रीच्या टक्क्यांत का? बरं, राखणदार होता म्हणता, मग ती २,२०० ॲप आत शिरली कशी?

पर्याय उभे करायचे प्रयत्नही झाले, आणि त्यातला एक आपल्या महाराष्ट्रातला आहे. मुंबईत आयआयटीच्या पोरांनी इंडस ओएस काढली, राकेश देशमुख त्यातले एक. भारतीय भाषांत चालणारा फोन आणि ईमेल खात्याशिवाय ॲप मिळतील असा ॲप बाजार, अशी कल्पना. ती कंपनी पुढं फोनपेनं घेतली आणि २१ फेब्रुवारी २०२४ ला इंडस ॲपस्टोअर आलं, मराठीसह १२ भारतीय भाषांत. पैसे घ्यायला कुठलीही यंत्रणा वापरा, त्यावर कमिशन नाही, असं त्यांनी जाहीर केलं. तुमच्यापैकी किती जणांच्या फोनमध्ये ते आहे? हात वर करा बघू. फार वर येणार नाहीत. शेजारी नवा बाजार भरला तरी एसटी जुन्या यार्डापुढंच थांबते, तसं आहे हे.

मार्च २०२५ मध्ये अपील न्यायाधिकरणानं त्या ९३६ कोटींच्या दंडाचे सुमारे २१६ कोटी केले. युरोपनं २०२४ पासून कायदा करून ॲपलला दुसरी दुकानं येऊ द्यायला भाग पाडलं. आपल्याकडं डिजिटल स्पर्धा विधेयकाचा मसुदा मार्च २०२४ मध्ये लोकांसमोर आला, मग विरोध झाला आणि गाडी रेंगाळली.

एवढं सगळं सांगायचं कारण असं. २००८ साली लोकांनी ‘दार उघडलं’ म्हणून टाळ्या वाजवल्या, आणि दार खरंच उघडलं होतं. त्यानं लाखो लोकांना काम दिलं. पण कवाडाची किल्ली, काटा आणि तक्रारवही, तिन्ही एकाच माणसाकडं राहिली. आपल्या बाजार समितीला आपण रोज शिव्या घालतो, तरी तिला निवडणूक असते, वर सहकार-पणन खातं असतं. त्या २ रुपये ४९ पैशांच्या प्रकरणात आरडाओरडा झाल्यावर व्यापाऱ्याचा परवाना काही दिवस निलंबित तरी झाला. ॲपच्या बाजारात तक्रार म्हणजे इंग्रजीत एक फॉर्म, आणि उत्तर बऱ्याचदा मशीनचं.

सोलापूरची पोरं कॉम्प्युटर शिकून पुण्याला जातात. त्यांनी इथंच राहून, इथल्या चादर-टॉवेलवाल्यांसाठी, इथल्या शेतकऱ्यांसाठी काही बनवावं, असं आपण सगळेच म्हणतो. मग त्यांच्या पट्टीवर किती वजावट बसते, हा आपलाही प्रश्न झाला. उद्या कुठलीही कंपनी ‘आम्ही दार उघडतोय’ म्हणाली, मग ती परदेशी असो की आपली, तर टाळ्या जरूर वाजवा. फक्त वाजवून झाल्यावर विचारा, अडत किती, काटा कुणाचा, आणि तक्रार कुठं करायची?

तुमच्यात कुणी ॲप बनवून विकत असेल, तर शेवटी हातात किती पडतं ते खाली लिहा. मोघम नको, आकडा सांगा. नवीन पोरांना तेवढाच उपयोग होईल.