गोरेपणाची ट्यूब

परवा भाचीच्या लग्नाचे फोटो आले. पहिल्या पाच-सहा फोटोंत नवरी कोण तेच मला कळेना. आमची भाची सावळी आहे. आईवर गेली आहे, म्हणजे माझ्या ताईवर. फोटोत मात्र चेहरा तांदळाच्या पिठीसारखा पांढराफटक आणि मेंदीचे हात तिचे स्वतःचे. मानेपाशी चक्क सरहद्द दिसते! चेष्टा करावी म्हणून ताईला फोन केला. ती म्हणाली, "पार्लरवालीला दहा वेळा सांगितलं रे, आहे तशी राहू दे म्हणून. ऐकलंच नाही तिने." मग जरा थांबून म्हणाली, "तुला ती ट्यूब आठवते का?"

आठवते. न आठवायला काय झालं? आणायचो मीच.

साधारण १९८८-८९ ची गोष्ट. ताईला 'बघायला' येणं सुरू झालं होतं. आई हातावर पैसे ठेवायची आणि मी कोपऱ्यावरच्या दुकानातून फेअर अँड लव्हलीची सगळ्यात लहान ट्यूब घेऊन यायचो. दुकानदार ती वर्तमानपत्रात गुंडाळून द्यायचा, का कोण जाणे. येताना मी ट्यूबच्या खोक्यावरचे एकापेक्षा एक उजळ होत जाणारे चेहरे बघायचो, आणि घरी येऊन ताईला विचारायचो, "आज कितव्या नंबरवर आहेस गं?" (हो, मीच. इतर वेळी तिला काळू म्हणायचो. घरात सगळेच हसायचे, ती पण हसायची. असं मला वाटायचं.)

तर त्या फोननंतर दोन-तीन रात्री जुन्या गोष्टी शोधत बसलो. त्या जाहिराती आपल्या घरात शिरल्या कशा, आणि त्यातल्या काही बंद पडल्या त्या कुणामुळे? म्हटलं लिहून काढावं.

क्रीम बाजारात आलं १९७५ मध्ये, हिंदुस्तान लिव्हरचं. आणि १ जानेवारी १९७६ ला दूरदर्शनने जाहिराती घ्यायला सुरुवात केली. पाठोपाठच म्हणायचं. मुंबई दूरदर्शन १९७२ पासून होतं, पण तेव्हा टीव्ही ही श्रीमंतांची चैन. १९८२ च्या एशियाडबरोबर रंग आला, पाठोपाठ 'हम लोग' आली, आणि वाड्यातल्या एका घरात सगळा वाडा जमायला लागला. जाहिराती लागल्या की आज आपण चॅनल बदलतो. तेव्हा बदलायला दुसरं चॅनलच नव्हतं, आणि खरं सांगायचं तर आम्हाला जाहिरातीच जास्त आवडायच्या. सर्फच्या ललिताजी आठवतात ना? कविता चौधरी. पदर खोचून भाजीवाल्याशी हुज्जत घालणारी, हिशेबी, कुणापुढे मान न तुकवणारी बाई. जाहिरातीत बायका सगळ्याच बावळट नसत, हे नोंदवून ठेवतो.

पण एकंदरीत कोण कसं दिसायचं, याचे साचे ठरलेले होते. डॉक्टर पुरुष, कपडे धुणारी बाई. मद्रासी असेल तर 'अय्यो' म्हणणार. मोलकरीण असेल तर ती हमखास आपली मराठी बोलणार, नाहीतर मराठी वळणाचं हिंदी. याचा आपल्याला राग येतो आणि यावाही. फक्त त्या मोलकरणीला काय वाटत असेल हे आपण किती वेळा विचारलं, हा वेगळा प्रश्न. असो. आणि सावळी मुलगी? ती दोनच भूमिका करायची. एक म्हणजे दिसायचीच नाही. आणि दुसरी म्हणजे 'आधी'. 'नंतर' मध्ये ती गोरी व्हायची.

या 'आधी-नंतर'चाही एक इतिहास आहे. आमच्या ताईच्या काळात 'नंतर' म्हणजे लग्न. तोंडाला क्रीम, दाराशी वरात. त्यात आपल्याकडे कुणाला काही खटकायचं कारणच नव्हतं, कारण वर्तमानपत्रात रविवारी 'गोरी, सडपातळ, गृहकृत्यदक्ष' हे छापून येतच होतं. जाहिरात फक्त तेच हलत्या चित्रात दाखवत होती. नव्वदीनंतर मुली नोकरीला लागल्या, केबल आली, आणि जाहिरातवाले हुशार लोक, त्यांनी लग्नाच्या जागी नोकरी आणली. मुलींची स्वप्नं बदलली तशी क्रीमने जागा बदलली, पण दाराशी उभं राहून 'आधी गोरी हो, मग आत ये' म्हणायचं काही सोडलं नाही.

आणि तिथेच ती जाहिरात येते, जिच्यामुळे पुढचं सगळं झालं. एक घर. मुलगी सावळी, तिच्या पगारात घर भागत नाही. बाप खंतावतो, मुलगा असता तर बरं झालं असतं! मुलगी ते ऐकते. क्रीम लावते, उजळते, हवाई सुंदरी होते, भरपूर कमावते आणि बाप खूश. तीस-चाळीस सेकंदांत एवढं सगळं. मला ही जाहिरात चांगली आठवते, आणि लाज वाटते सांगायला, पण ती बघताना मला काहीच वावगं वाटलं नव्हतं. उलट 'चला, मुलीला नोकरी तरी दाखवली' असंच वाटलं असणार.

वावगं वाटलं ते अखिल भारतीय जनवादी महिला संघटनेला. ही १९८१ सालची संघटना. तिच्या उभारणीत आपल्या अहिल्याताई रांगणेकर होत्या (लाटणं मोर्चावाल्या, होय त्याच). २००२ मध्ये संघटनेने आधी कंपनीकडे तक्रार केली. तेव्हा सरचिटणीस होत्या वृंदा करात. आक्षेप तीन होते आणि ते वाचल्यावर मी त्या जाहिरातीकडे नव्याने पाहिलं. पहिला, हा सरळसरळ वर्णद्वेष आहे. दुसरा, मुलगाच हवा या हव्यासाला ही जाहिरात खतपाणी घालते. तिसरा, नोकरी करणाऱ्या बाईचा हा अपमान आहे, कारण तिचं काम तिच्या कातडीवर मोजलं जातंय. या तिसऱ्या मुद्द्यापाशी मी थांबलो. आमची ताई तेव्हा बँकेत होती. खात्याच्या परीक्षा देऊन वर चढलेली.

कंपनीकडून दाद मिळाली नाही, तेव्हा संघटना राष्ट्रीय मानवी हक्क आयोगाकडे गेली. आयोगाने प्रकरण माहिती आणि प्रसारण मंत्रालयाकडे धाडलं. आता गंमत पहा. कायदा आधीपासून होता! १९९५ चा केबल टेलिव्हिजन नेटवर्क कायदा, आणि त्याच्या नियमांतली जाहिरात संहिता. तिच्यात स्वच्छ लिहिलंय की वंश, जात, वर्ण, पंथ यांची हेटाळणी करणारी जाहिरात चालणार नाही. 'वर्ण' हा शब्द तिथे आहे. बाईला दुय्यम, दबलेली दाखवू नये हेही आहे. हुंड्यासारख्या वाईट चालींचा फायदा उठवू नये हेसुद्धा आहे. म्हणजे सगळं कागदावर तयार. फक्त कुणीतरी तो कागद उघडून 'हे बघा' म्हणायची वाट होती, आणि त्यात सात-आठ वर्षं गेली. मंत्रालयाने मान्य केलं की हे संहितेच्या विरुद्ध आहे, नोटिसा निघाल्या आणि २००३ च्या सुरुवातीला दोन जाहिराती पडद्यावरून गेल्या. तेव्हा मंत्री होते रविशंकर प्रसाद, सरकार वाजपेयींचं, आणि तक्रार डाव्या बायकांची. आजच्या हवेत हे वाक्य लिहितानाच मजा वाटते.

जाहिराती गेल्या, क्रीम राहिलं. कंपनीने त्याच वर्षी फेअर अँड लव्हलीच्याच नावाने एक प्रतिष्ठान काढलं, स्त्रियांना आर्थिक बळ द्यायला. २००५ मध्ये इमामीने पुरुषांसाठी फेअर अँड हँडसम काढलं, आणि २००७ पासून खुद्द शाहरुख खान ते विकायला लागला. समानता आली म्हणायची! माझ्या एका आतेभावाने ते लावूनही पाहिलं. (नाव घेत नाही, तो हे वाचतो.)

२००७ मध्येच दुसरी एक बंदी आली. नदीवर पुरुषाची अंतर्वस्त्रं धुणारी नवी नवरी, अमूल माचोची जाहिरात. मंत्रालयाने ती अश्लील ठरवून बंद केली, काही महिन्यांत. त्या जाहिरातीची बाजू मला घ्यायची नाही. फक्त वेळ मोजा. बाई चारचौघांत मजेत दिसली तर सरकार काही महिन्यांत जागं होतं. बाईचा रंग उतरवून तिला लायक ठरवणारं दुकान मात्र १९७५ पासून चालू होतं आणि त्याला हटकायला २००३ उजाडलं. सभ्यतेचा भंग चटकन दिसतो. हेटाळणी दिसत नाही, कारण ती आपल्या बोलण्यातलीच असते.

जाहिरातवाल्यांची स्वतःची एक संस्था आहे, अ‍ॅस्की, १९८५ पासूनची. तिने २०१४ मध्ये गोरेपणाच्या क्रीमसाठी नियम काढले. सावळी माणसं दुःखी, खचलेली, कुरूप दाखवायची नाहीत. रंगामुळे नोकरी, लग्न, बढती अडली असं सुचवायचं नाही. नियम छानच आहेत. पण ते पाळून जाहिरात कशी काढतात ते आपण सगळ्यांनी पाहिलं: 'गोरी' च्या जागी 'उजळ' आली, 'तेज' आलं, 'निखार' आला. आणि २०२० मध्ये खरंच नाव बदललं. कसं बदललं? अमेरिकेत मिनिआपोलिसला जॉर्ज फ्लॉइडचा पोलिसाच्या गुडघ्याखाली जीव गेला, मे महिन्यात. जगभर लोक रस्त्यावर आले. जून संपता संपता हिंदुस्तान युनिलिव्हरने 'फेअर' शब्द काढायचं जाहीर केलं, जुलैत 'ग्लो अँड लव्हली' झालं. पुरुषांच्या 'ग्लो अँड हँडसम' या नावावरून तर दोन कंपन्या कोर्टात गेल्या. इथल्या बायकांनी अठरा वर्षांपूर्वी नेमकं हेच सांगितलं होतं. पण आपल्याला आपलं दुखणं परदेशातून कुणीतरी सांगावं लागतं.

इथवर लिहून मला वाटलं होतं की बंदी ही चांगलीच गोष्ट, असं म्हणून मोकळं व्हावं. पण तसं होत नाही. ऑक्टोबर २०२० मध्ये तनिष्कची जाहिरात आली, मुसलमान घरात हिंदू सुनेचं डोहाळजेवण. त्यावर केवढं रण माजलं! अ‍ॅस्कीने पाहून सांगितलं की यात संहितेचा कुठलाही भंग नाही. तरी कंपनीने ती मागे घेतली, दुकानातल्या माणसांच्या जिवाची काळजी म्हणून. म्हणजे एक बंदी कायद्याने येते, तिला कारण द्यावं लागतं. दुसरी गर्दीने येते आणि तिला कारण लागत नाही. पुढच्या वर्षी डाबरच्या फेम ब्लीचची जाहिरात: करवा चौथ, चाळणीतून एकमेकींना पाहणाऱ्या दोन बायका. मध्य प्रदेशच्या गृहमंत्र्यांनी कारवाईचा इशारा दिला आणि ती पण गेली. आता हिच्याबद्दल माझी फारच पंचाईत झाली. जाहिरात होती चेहरा उजळवण्याच्या ब्लीचची! दोन बायकांचा संसार इतक्या साधेपणाने कधी टीव्हीवर दिसला नव्हता, आणि तो दाखवला कशासाठी, तर पुन्हा तोंड गोरं करायला. गेली ती ब्लीचमुळे नाही, प्रेमामुळे गेली. त्याच ऑक्टोबरच्या शेवटी न्यायमूर्ती धनंजय चंद्रचूड यांनी एका भाषणात, लोकांच्या असहिष्णुतेमुळे ती काढावी लागली, म्हणून तिचा उल्लेख केला होता.

आणि २०२३ ची झोमॅटोची. 'लगान' मधला कचरा, दलित खेळाडू, आठवतोय? त्याच नटाला त्यांनी कचऱ्यापासून बनवलेलं टेबल, दिवा असं काय काय बनवलं. पर्यावरण दिन होता म्हणे. बनवणाऱ्यांना ती कोटी वाटली. नीरज घायवानसारख्या दिग्दर्शकाने लगेच जाहीर विरोध केला, जाहिरात निघाली, अनुसूचित जाती आयोगाची नोटीसही गेली. मी पहिल्यांदा ती पाहिली तेव्हा काय केलं सांगू? हसलो. हसून झाल्यावर 'काळू' आठवलं.

हे सगळं टाकण्याआधी ताईला फोनवर वाचून दाखवलं. तिला विचारल्याशिवाय तिच्यावर लिहिणं बरं नाही. सगळं शांतपणे ऐकून घेतलं. जाहिराती-बिहिरातींवर काही बोलली नाही. 'काळू' वरही नाही. म्हणाली, "एक चुकलंय तुझं. ट्यूबचे पैसे आई द्यायची नाही. आईच्या हातात कुठे असायचे पैसे? ते बाबा द्यायचे. आईला सांगायचे, त्याच्याजवळ दे म्हणून."

वर आईचंच लिहिलंय, ते तसंच ठेवतोय. इतकी वर्षं मला तसंच वाटत होतं.