अभिजात मोटारगाड्या : अल्पख्यात नमुने

एकाच सांगाड्यावर, एकाच जातीचे एंजिन बसवून, पण निरनिराळ्या नावांनी विकल्या गेलेल्या जुन्या मोटारगाड्यांपैकी एखादे नाव लोकांच्या स्मरणात राहते व उरलेली मागे पडतात. संग्राहकांच्या बाजारात प्रसिद्ध नावाला चढी किंमत येते. तिच्या तोडीची अल्पख्यात गाडी त्या मानाने स्वस्त मिळते. अमेरिकेतील ‘मसल कार’ हे याचे सर्वपरिचित उदाहरण होय. मराठी वाचकाला त्याहून जवळचे उदाहरण मात्र मुंबईतील कुर्ला येथे जुळणी झालेल्या क्रायस्लर गटाच्या गाड्यांचे आहे.

शीव ही जुन्या मुंबई बेटाची उत्तर सीमा; नावाचा अर्थही तोच. शीवेहून ठाण्याकडे जाणाऱ्या जुन्या आग्रा मार्गावर (पुढे लालबहादूर शास्त्री मार्ग) प्रथम कुर्ला लागते. वालचंद हिराचंद (१८८२–१९५३) यांनी १९४४ मध्ये स्थापन केलेल्या प्रीमिअर ऑटोमोबाइल्स या कंपनीचा कारखाना तेथे होता. मुंबईत मोटारींची जुळणी त्यापूर्वीही होत असे. जनरल मोटर्सने शिवडी येथे १९२८ मध्येच ती सुरू केली होती. पण तो परदेशी कंपनीचा उद्योग होता. प्रीमिअरने अमेरिकेतील क्रायस्लर कंपनीशी करार केला आणि १९४७ पासून कुर्ल्यातून डॉज, प्लिमथ व डीसोटो या गाड्या, तसेच डॉज व फार्गो मालमोटारी बाहेर पडू लागल्या.

या तीन मोटारगाड्यांमधील फरक वाटतो तितका मोठा नव्हता. क्रायस्लरने १९२८ मध्ये प्लिमथ व डीसोटो ही नावे नव्याने काढली आणि त्याच वर्षी डॉज कंपनी विकत घेतली. प्लिमथ सर्वांत स्वस्त, डॉज तिच्या वर व डीसोटो आणखी वर, अशी स्वदेशातील उतरंड होती. निर्यातीसाठी मात्र प्लिमथच्याच सांगाड्यावर पुढची जाळी, बोधचिन्ह व काही नक्षी बदलून ‘डॉज किंग्जवे’ आणि ‘डीसोटो डिप्लोमॅट’ हे नमुने तयार करण्यात आले. १९५० च्या सुमारास तिन्हींत बाजूच्या झडपांचे, सहा सिलिंडरांचे, साडेतीन लिटरांहून थोड्या अधिक धारकतेचे व सु. १०० अश्वशक्तीचे एंजिन असे. त्याची गती बेताची, पण बांधणी दणकट. यामुळेच या गाड्या मुंबईत टॅक्सी म्हणून दीर्घकाळ टिकल्या. मालकाने डीसोटोसाठी जादा मोजलेले पैसे मुख्यतः पत्र्याच्या व मुलाम्याच्या नक्षीचे होते, असे म्हणणे फारसे अन्यायाचे ठरणार नाही.

प्रशुल्क आयोगाच्या १९५३ च्या अहवालानंतर केवळ जुळणी करणाऱ्या कंपन्यांना वाव उरला नाही. १९५४ मध्ये जनरल मोटर्स व फोर्ड यांनी काम थांबविले. प्रीमिअरने सुटे भाग येथेच बनविण्याचा मार्ग पत्करला आणि इटलीच्या फियाट ११०० (१,०८९ घ. सेंमी.) या लहान गाडीवर भर दिला. मोठ्या गाड्यांना पेट्रोल फार लागे, आणि फियाटने टॅक्सीतळांवरून त्यांना हळूहळू हटविले. पुढे पद्मिनी या नावाने ओळखली गेलेली तीच फियाट २०२३ मध्ये टॅक्सीसेवेतून निवृत्त झाली, तेव्हा मुंबईकरांनी तिला समारंभाने निरोप दिला. डीसोटो केव्हा गेली, हे कोणाच्या ध्यानातही आले नाही.

आयातीवरील कडक निर्बंधांमुळे अमेरिकेतील पुढचा अध्याय येथे फारसा दिसला नाही. १९६४ मध्ये पाँटिॲकने मध्यम आकाराच्या गाडीत ६·४ लिटरांचे एंजिन बसवून ‘जीटीओ’ काढली व मसल कारची लाट आली. येथेही जुनीच रीत चालू राहिली. १९६८ ची प्लिमथ रोडरनर व डॉज सुपर बी, १९६७ च्या शेव्हरोले कमॅरो व पाँटिॲक फायरबर्ड, फोर्ड मस्टँग व तिच्या पायावरची मर्क्युरी कूगर या सर्व सख्ख्या बहिणीच. १९७० ची प्लिमथ डस्टर ३४० ही तर ५·६ लिटरांच्या एंजिनाची हलकी, स्वस्त गाडी. तरी तिचे नाव मस्टँगसारखे घरोघरी पोचले नाही. प्रदूषणविषयक कायदे, विम्याचे वाढते हप्ते व १९७३ चे तेलसंकट यांमुळे ही लाट ओसरली.

अल्पख्यात गाडी घेणाराची एक अडचण सांगितली पाहिजे. एंजिन, ब्रेक इत्यादींचे भाग बहिणीच्या गाडीचे चालतात. पण डीसोटोची दातेरी जाळी किंवा किंग्जवेची अक्षरे सहसा मिळत नाहीत. त्यामुळे स्वस्तात घेतलेली गाडी पूर्वरूपात आणणे महाग पडू शकते.

दुसरी अडचण भारतातील नियमांची आहे. २०२१ च्या केंद्रीय नियमांनुसार ५० वर्षांहून जुन्या आणि सांगाडा, कवच वा एंजिन यांत मोठा फेरफार न झालेल्या दुचाकी व चारचाकी वाहनांची ‘व्हिंटेज’ म्हणून नोंदणी होते. ती १० वर्षे चालते व नव्या नोंदणीचे शुल्क २०,००० रुपये आहे. मुंबईतील मोठ्या टॅक्स्यांपैकी अनेकींत इंधनखर्च वाचविण्यासाठी डीझेल एंजिने बसविण्यात आली होती. संग्राहकाच्या हाती आलेली अशी गाडी या व्याख्येत बसणे कठीण. वस्तुतः ते डीझेल एंजिन हाच तिच्या मुंबईतील आयुष्याचा पुरावा होय. ते काढून अमेरिकन एंजिन बसविले, तर नोंदणीचा मार्ग सुकर होईल, परंतु कुर्ल्याची टॅक्सी म्हणून तिची ओळख उरणार नाही.