ब्रॉयलर कोंबड्यांचे पाय अधू का होतात?

अमरावती व अकोला जिल्ह्यांत शेतीला जोडधंदा म्हणून अनेकांनी ब्रॉयलर कोंबडीपालन स्वीकारले आहे. सुमारे ४० ग्रॅम वजनाचे पिल्लू सहा आठवड्यांत दोन किलोंचा टप्पा ओलांडते. म्हणजे त्याचे वजन पन्नास पटींनी वाढते. हा भार पेलणारी हाडे मात्र त्याच वेगाने पक्की होत नाहीत. त्यामुळे पक्षी लंगडू लागला, की केवळ खाद्याला दोष देणे पुरेसे नाही. संगोपनाची पद्धतही तपासावी लागते.

हाड कसे घडते?

लांब हाडाच्या टोकाशी कूर्चेचा थर असतो. त्यात कॅल्शियम व फॉस्फरस साठून कठीण हाड तयार होते. वाढ अतिजलद असल्यास नडगीच्या वरच्या टोकाशी कूर्चा तशीच साचून राहते आणि पाय वाकतो. हाडाचे बाह्य कवचही सच्छिद्र राहते. मांडीच्या हाडाच्या टोकाशी सूक्ष्म भेगा पडून तेथे जिवाणूंचा संसर्ग होऊ शकतो.

खाद्य

मका व सोयाबीन पेंडीतील फॉस्फरसचा मोठा भाग फायटेटच्या रूपात असल्याने कोंबडीला तो पुरेसा मिळत नाही. म्हणून खाद्यात डायकॅल्शियम फॉस्फेट किंवा फायटेज हे विकर मिसळतात. ड जीवनसत्त्वाअभावी मुडदूस होतो. मोकळ्यावर फिरणाऱ्या कोंबडीला ते उन्हातून मिळते, शेडमधील पक्ष्याला खाद्यातूनच द्यावे लागते. मात्र कॅल्शियम वाजवीपेक्षा अधिक दिल्यास फॉस्फरसचे शोषण घटते.

संगोपन

हाडाला बळकटी हालचालीतून येते. गादी पद्धतीत प्रत्येक पक्ष्यास साधारण एक चौरस फूट जागा देतात; उन्हाळ्यात ती वाढवावी. दाटी झाल्यास चालणे थांबते, गादी ओली होते व तळपायांना जखमा होतात. अखंड प्रकाशात पक्षी सतत खातात. रात्री काही तास सलग अंधार ठेवल्यास सुरुवातीची वाढ किंचित मंदावते आणि पायांचे विकार कमी होतात.

वऱ्हाडातील उन्हाळा

मे महिन्यात येथील पारा ४५ अंशांच्या आसपास जातो. कोंबडीला घामाच्या ग्रंथी नसल्याने ती धापा टाकून शरीर थंड ठेवते. या ताणात खाद्य कमी जाते व हाडांना खनिजे अपुरी पडतात. अशा वेळी लंगडा पक्षी पाण्यापर्यंत पोहोचू शकला नाही, तर तो काही तासांत दगावू शकतो. भर दुपारी खाद्य न देता पहाटे व सायंकाळी द्यावे. मात्र त्यासाठी रात्रभर दिवे जाळू नयेत.

पाणी व खाद्याची भांडी लंगड्या पक्ष्यांच्या आवाक्यात ठेवावीत. विक्रीच्या वेळी एका पायाला धरून उलटे लटकवल्यास कमकुवत हाड मोडते. लंगडणाऱ्यांची संख्या वाढल्यास औषध देण्यापूर्वी मृत पक्ष्याचे शवविच्छेदन पशुवैद्यकाकडून करून घ्यावे. मुडदूस व जिवाणूसंसर्ग यांवरील उपाय वेगवेगळे आहेत.