परत फिरण्यात लाज कसली?

परवा भाच्याने ऑस्लोहून एक फोटो पाठवला. चॉकलेटचा कागद. चॉकलेट खाऊन झाल्यावर उलगडून आतली बाजू वर केलेला. त्यावर नॉर्वेजियन भाषेत नऊ ओळी छापलेल्या. खाली त्याचा मेसेज: "मामा, आठवी ओळ तुझ्या कामाची आहे. अर्थ असा, की परत फिरायची लाज बाळगू नका."

माझ्या कामाची का, ते शेवटी सांगतो. आधी ही ओळ चॉकलेटच्या कागदावर आली कुठून ते सांगतो, कारण त्यामागे शंभर वर्षांचा इतिहास आहे, आणि तो स्कीइंगचा आहे. मी स्वतः बर्फ पाहिलाय तो रसवंतीगृहातला, हे आधीच कबूल करतो. पण भाचा तिकडे नोकरीला गेल्यापासून रोज रात्री फोनवर हाच विषय. म्हणून वाचत गेलो आणि अडकलो.

आपल्याला स्कीइंग म्हटलं की स्वित्झर्लंड, महागडी हॉटेलं आणि सिनेमातली गाणी आठवतात. श्रीमंतांचा खेळ. नॉर्वेत मात्र ते गरिबाचं वाहन होतं. 'स्की' या शब्दाचा जुना अर्थच मुळी चिरलेलं लाकूड. हिवाळाभर कमरेएवढा बर्फ. शिकारीला जायचंय, शेजारच्या वाडीवर जायचंय, चर्चमध्ये जायचंय, तर पायाला दोन फळ्या बांधायच्या आणि निघायचं.

या फळ्यांचा खेळ करण्यात मोठा वाटा होता एका कुळाचा. हो, दुसऱ्याच्या जमिनीवर राबणारं कूळ. नाव सोंद्रे नोरहाइम, जन्म १८२५, तेलेमार्क भागातलं मोर्गेदाल हे गाव. तोवर स्की फक्त पुढे बोटांपाशी बांधत, टाच सुटी. उडी मारली की फळी निसटायची. याने डहाळ्या पिळून त्यांचा फास टाचेमागून घेतला. आता वळता येऊ लागलं, उडी मारता येऊ लागली. १८६८ साली हा ४२ वर्षांचा माणूस राजधानी क्रिस्तियानियाला, म्हणजे आजच्या ऑस्लोला, स्पर्धेसाठी गेला. जवळपास २०० किलोमीटर अंतर स्कीवरूनच कापलं असं सांगतात. तिथे त्याने शहरातल्या तरण्याबांड पोरांना मागे टाकलं. 'स्लालम' हा जगभरचा शब्दही त्याच मुलखातल्या बोलीतला. पण गरिबी काही हटली नाही. १८८४ मध्ये हजारो देशबांधवांसारखा तोही अमेरिकेला गेला आणि १८९७ मध्ये तिकडेच, नॉर्थ डकोटात वारला.

त्याच १८६८ साली क्रिस्तियानियात आणखी एक गोष्ट झाली. थोमास हेफ्त्ये नावाच्या बँकरने पुढाकार घेऊन पर्यटन संघटना काढली. ती आजही चालू आहे. डोंगरांत तिच्या पाचशेहून जास्त झोपड्या आहेत. त्यातल्या कित्येकांत माणूसच नसतो. सभासदाने आपल्या किल्लीने दार उघडायचं, शेगडी पेटवायची, कोठारातले डबे काढून जेवायचं, काय घेतलं ते लिहायचं आणि पैसे भरायचे. बघणारं कोणी नाही. भाच्याने हे सांगितलं तेव्हा मी पहिला प्रश्न विचारला, "डबे चोरीला जात नाहीत?" तो म्हणाला, "मामा, तू पत्रकार आहेस म्हणून तुला हेच सुचणार."

त्याला स्वतःला आवडतं ते डोंगरातलं स्कीइंग. पाळण्यात बसून वर जायचं आणि घसरत खाली यायचं, ते नाही. स्वतःच्या पायांनी चढायचं. स्कीच्या तळाला तिरक्या केसांची पट्टी चिकटवतात. पुढे सरकवली की सरकते, मागे घसरू लागली की केस बर्फात रुततात. पूर्वी ती सीलच्या कातड्याची असे, आता नायलॉन किंवा मोहेरची. चढताना टाच मोकळी. माथ्यावर पोचलं की पट्टी सोलून काढायची, टाच अडकवायची आणि खाली सुटायचं. तीन तास चढ आणि उतार काही मिनिटांचा. मी म्हटलं, हा काय व्यवहार झाला? तर म्हणे चढण्यातच मजा आहे. आवाज फक्त स्कीचा आणि स्वतःच्या श्वासाचा. वर थर्मासमधली कॉफी, संत्रं आणि ते चॉकलेट. नोव्हेंबरपासून हा बर्फाची वाट बघतो. रविवारी ऑस्लोच्या मेट्रोत निम्मे लोक स्की घेऊन चढलेले असतात म्हणे. आणि ईस्टर आला की अख्खा देश डोंगरात.

आता मुद्द्याकडे येतो.

या देशाचा सर्वांत मोठा नायक म्हणजे फ्रिद्त्योफ नानसेन. १८८८ मध्ये, वयाच्या २६ व्या वर्षी, पाच साथीदारांसह त्याने स्कीवरून ग्रीनलंड ओलांडलं. त्या पाचांत साम्युएल बाल्तो आणि उले निल्सेन राव्ना हे दोन सामी होते. सामी म्हणजे उत्तरेकडचे रेनडिअर पाळणारे आदिवासी. आधीचे लोक वस्ती असलेल्या पश्चिम किनाऱ्यावरून आत घुसायचे आणि जमलं नाही की परत यायचे. नानसेनने उलटं केलं. जवळपास निर्मनुष्य पूर्व किनाऱ्यावर उतरला. मागे जहाज नाही, वस्ती नाही. परतीचे दोर त्याने मुद्दाम कापून टाकले. पुढे गेलो तर जगू, एवढंच. हे वाचताना आपल्याला सूर्याजी आणि कोंढाणा आठवणारच. मलाही आठवला.

मोहीम फत्ते झाली. त्यावरचं पुस्तक युरोपभर गाजलं, ते वाचून आल्प्समधले लोक स्की शिकू लागले. १९०५ मध्ये नॉर्वे स्वीडनपासून वेगळा झाला तेव्हा नानसेन आणि त्याच्या स्की या राष्ट्राच्या खुणा होऊन बसल्या. दुसऱ्या महायुद्धात त्यात भर पडली. १९४३ च्या फेब्रुवारीत काही नॉर्वेजियन तरुणांनी वेमोर्कचा जर्मनांच्या ताब्यातला जड पाण्याचा कारखाना उडवला, आणि त्यातले पाच जण सुमारे ४०० किलोमीटर स्की करत स्वीडनला पोचले. अशा गोष्टी ऐकत वाढलेल्या पोराला 'माघार' हा शब्द कसा रुचेल?

खरं तर माघारीचा धडाही त्याच इतिहासात होता. दक्षिण ध्रुवावर पहिला पोचलेला रुआल अमुंडसेन. सप्टेंबर १९११ मध्ये तो घाईने, वेळेआधीच निघाला. पारा उणे ५० च्या खाली गेला. तो परत फिरला. परतताना फाटाफूट झाली, दोघं जण मागे राहिले आणि मरता मरता वाचले, म्हणजे तीही माघार काही शिस्तीची नव्हती. पण फिरला म्हणून ऑक्टोबरमध्ये पुन्हा निघता आलं आणि १४ डिसेंबर १९११ ला ध्रुव गाठता आला. शाळेत आपण १४ डिसेंबर पाठ केला. सप्टेंबरचं कोणी सांगितलंच नाही.

१९५७ मध्ये नॉर्वेने कायदा केला, की रान आणि डोंगर कोणाच्याही मालकीचे असोत, पायी किंवा स्कीवर हिंडण्याचा हक्क सगळ्यांना. शेतातूनसुद्धा, जमीन गोठलेली किंवा बर्फाखाली असेल तेव्हा. फक्त घराच्या अंगणात घुसायचं नाही, आणि ३० एप्रिल ते १४ ऑक्टोबर पिकात पाय टाकायचा नाही. कुळाच्या पोरालाही जमीनदाराच्या रानातून जायचा हक्क. मला हा कायदा फार आवडला.

आणि मग आला १९६७ चा ईस्टर. डोंगरात हवामान बिघडलं. वेगवेगळ्या ठिकाणी मिळून १८ माणसं मेली. इवलासा देश, तेव्हा लोकसंख्या चाळीस लाखही नव्हती. हाहाकार उडाला.

आता सांगा, आपल्याकडे काय झालं असतं? बंदी. दुसऱ्या दिवशी आदेश.

त्यांनी डोंगर बंद केला नाही. रेड क्रॉस आणि ती १८६८ ची पर्यटन संघटना यांचं सुरक्षिततेचं काम आधीपासून चालू होतंच, ते त्यांनी जोरात हाती घेतलं. सूर असा, की डोंगरावर या, पण जबाबदारीने या. साधे नऊ नियम. कुठे जाताय ते सांगून जा. आपल्या कुवतीप्रमाणे वाट ठरवा. हवामानाचा अंदाज बघा. वगैरे. आणि आठवा नियम परत फिरण्याचा. हे नियम शाळेत गेले, झोपड्यांच्या भिंतींवर गेले आणि ईस्टरला प्रत्येकाच्या पाठपिशवीत असणाऱ्या चॉकलेटच्या कागदावरही गेले.

ज्या देशाने परतीचे दोर कापणाऱ्याला डोक्यावर घेतलं, त्याच देशाने सरकारी शिक्क्याशिवाय, धाक न दाखवता, आपल्या पोरांना सांगितलं की बाळांनो, मागे फिरलात तर तुम्हाला कोणी हसणार नाही.

नियम आले म्हणून मरण थांबलं असं नाही. मार्च १९८६ मध्ये वासदालेनच्या दरीत नाटोच्या सरावात हिमकडा कोसळून १६ सैनिक गेले. धोक्याचे इशारे आधी दिले गेले होते. पण शिपायाला परत फिरायचं स्वातंत्र्य कुठे असतं? २०१३ पासून तिथे भागवार हिमस्खलनाचा इशारा रोज हिवाळ्यात जाहीर होतो. २०१६ मध्ये नियम सुधारून त्यात हिमस्खलन घातलं. म्हणजे काम चालू आहे. पन्नास वर्षांपूर्वीचा कागद तसाच छापत बसले नाहीत.

आता माझ्या कामाचं.

मी तालुक्याच्या गावात वीस वर्षं बातमीदारी करतोय. दर पावसाळ्यात व्हॉट्सॲपवर एक पीडीएफ येतो. धबधबे, धरणं, किल्ले येथे जाण्यास मनाई. पूर्वी १४४, आता नवीन कायद्याचं १६३ कलम. मजकूर तोच, तारीख बदललेली. मी बातमी करतो. जाणारे पहाटे पाचला आडवाटेने जातातच. बसते ती फक्त भजी-चहाची टपरी. आणि कोणी अडकलं की दोर घेऊन रात्री कड्यात उतरतात ती आपलीच गिर्यारोहक पोरं, स्वतःच्या खर्चाने.

चार वर्षांपूर्वी एक मुलगा धबधब्यात वाहून गेला. एकोणीस वर्षांचा. मी मथळा दिला होता, 'हुल्लडबाजी नडली'. दहाव्याला त्यांच्या घरी गेलो तर त्याचा मित्र बाहेर ओट्यावर बसलेला. म्हणाला, "काका, तो म्हणत होता पाणी वाढलंय, परत जाऊ. आम्हीच हसलो त्याला. घाबरट म्हणालो."

खरी बातमी ती होती. मी छापली नाही. दहा दिवस उलटून गेले होते, विषय शिळा झाला होता, आणि मथळा चुकला हे कबूल करायची माझी तयारी नव्हती. त्याच्या आईने तो मथळा वाचला असणार. हुल्लडबाज म्हणून ज्याला मी छापलं, तो त्या टोळक्यातला एकटा शहाणा होता.

मी भाबडा नाही. नॉर्वेच्या एका दरीत रविवारी जेवढे येतात, तेवढे आपल्याकडे एका धबधब्याच्या पार्किंगमध्ये असतात. गर्दीवर मर्यादा घालावी लागेल, काही जागा काही दिवस बंदही ठेवाव्या लागतील. पण नुसत्या बंदीने त्या मुलाला काय दिलं असतं? त्याला हवं होतं ते एवढंच, की तो "परत जाऊ" म्हणाल्यावर चौघांतला एक जण तरी "चला" म्हणेल. ते आदेशाने होत नाही. ते लहानपणापासून कानावर पडावं लागतं. शाळेत, एसटी स्टँडवर, वडापावच्या कागदावर, कुठेही.

म्हणून ठरवलंय. यंदा बंदी आदेशाची बातमी देईन, ती माझी नोकरी आहे. पण तिच्या खाली दर वेळी एक चौकट लावणार: पाणी वाढलं, धुकं उतरलं, वाट चुकली, तर परत फिरा. लाज वाटून घेऊ नका. आणि कोणी फिरू म्हणालं तर हसू नका.

संपादकांशी बोललो. हो म्हणालेत.

तुमच्यापैकी कोणी कधी अर्ध्या वाटेतून परत फिरलं असेल तर खाली लिहा. सर केलेल्या गडांचे फोटो आपण सगळेच टाकतो. एकदा परत फिरल्याच्या गोष्टीही वाचू.