गावदेवीची सामाईक घरे
चौपाटीनजीकच्या एका गृहसंस्थेचा इतिहास आणि त्यापासून आपण घ्यावयाचा बोध

समुद्र आम्हा खानदेशवासीयांस तसा दूरचाच. आमच्या पहुरास अजिंठ्याच्या डोंगरातून येणारी वाघूर आहे. समुद्राची गाठ पडावयाची ती मुंबईस गेल्यावर. पाचोरा-जामनेर ही छोटी गाडी पहूर स्थानकावर धरावयाची, पाचोऱ्यास उतरून मोठ्या गाडीत बसावयाचे, हा आमच्या वाडवडिलांचा मुंबईचा मार्ग होता. ती छोटी गाडी २०२० साली थांबली. परंतु त्या मार्गाने गेलेल्यांच्या आठवणी घरोघरी आहेत. चाळीतील एक खोली, सामाईक नळ, महिनाअखेरचे भाडे, आणि सुटीच्या दिवशी मुलांना चौपाटीवर नेणे, एवढाच त्यांचा समुद्राशी संबंध. त्या चौपाटीपासून हाकेच्या अंतरावर, गावदेवीच्या वस्तीत, एका लहानशा ज्ञातीने शंभरांहून अधिक वर्षांपूर्वी स्वतःच्या मालकीची घरे कशी उभी केली, ते यंदाच्या स्मरणिकेत सांगावे असे आम्ही योजिले आहे.

हा विषय आम्ही सहज निवडलेला नाही. काही वर्षांपूर्वी आपल्या समाजाच्या कार्यालयासाठी ज्ञातिबांधवांनी घरोघर फिरून वर्गणी जमविली, जागा पाहिली आणि केवळ सोय म्हणून ती एका सद्गृहस्थांच्या नावे खरेदी केली. ते हयात होते तोवर कोणाच्या मनात शंका आली नाही. त्यांच्या पश्चात उताऱ्यावर वारसांची नावे लागली. आज ती जागा आपली आहे असे म्हणणारे पुष्कळ, परंतु ते दाखविणारा कागद एकही नाही. कोणाच्या हेतूवर बोट ठेवण्याची आमची इच्छा नाही. चूक आपणा सर्वांची आहे. पण अशी चूक दुसऱ्यांदा होऊ नये म्हणून, ज्यांनी ती मुळातच होऊ दिली नाही त्यांचा इतिहास पाहणे अगत्याचे आहे.

१८९६ साली मुंबईत प्लेगाची साथ आली. अंधाऱ्या, कोंदट वस्त्यांत माणसे पटापट दगावू लागली. त्या संकटातून १८९८ साली कायदा करून मुंबई शहर सुधारणेचा ट्रस्ट निर्माण झाला. दाट वस्त्या मोकळ्या कराव्यात, रुंद रस्ते काढून पश्चिमेकडील समुद्राचा वारा शहराच्या पोटात आणावा, आणि नव्या भूखंडांवर आरोग्यास हितकर अशी घरे व्हावीत, हा त्याचा हेतू. चौपाटीकडून पूर्वेस जाणारा सँडहर्स्ट रस्ता (आताचा सरदार वल्लभभाई पटेल मार्ग) याच धोरणाचे फळ होय. गावदेवी हीही ट्रस्टने आखणी केलेल्या वस्त्यांपैकी एक. ग्रामदेवतेच्या देवळावरून तिला हे नाव पडले. पुढे महात्मा गांधींचा १९१७ ते १९३४ या काळात मुंबईतील मुक्काम जेथे असे ते मणिभवन याच परिसरात आहे.

जमीन निघाली, पण ती घेणार कोण? श्रीमंतास अडचण नव्हती. कारकुनी करून महिन्याच्या पगारावर संसार चालविणाऱ्याने मुंबईत घर बांधण्याची भाषाही करू नये अशी स्थिती होती. त्या वर्गात चित्रापूर सारस्वत ही ज्ञाती मोडत असे. मूळ वस्ती कारवार, होन्नावर, भटकळ या कानडा किनाऱ्याची, गुरुपीठ शिराळीस. उत्तर कानडा जिल्हा १८६२ साली मुंबई इलाख्यास जोडला गेल्यामुळे शिक्षण व नोकरी यांसाठी या मंडळींस मुंबईची वाट मोकळी झाली. संख्येने थोडी, पैशाने बेताची, परंतु लिहिण्या-वाचण्यात व हिशोबात तरबेज अशी ही माणसे होती. समुद्रकाठच्या गावांतून येऊन ती समुद्रकाठच्याच शहरात भाडेकरू झाली होती.

या ज्ञातीत रावबहादूर श्रीपाद सुब्राव तालमकी हे कर्ते गृहस्थ होऊन गेले. त्यांच्या कार्याचा क्रम लक्षात घेण्याजोगा आहे. १९०६ साली त्यांनी आपले गुरुतुल्य मार्गदर्शक शामराव विठ्ठल कैकिणी यांच्या नावे सहकारी पतसंस्था स्थापन केली. तीच आज बँकेच्या रूपाने चालू आहे. १९११ साली कानडा सारस्वत असोसिएशन ही ज्ञातिसंस्था निघाली. आणि १९१५ साली गावदेवी येथे सारस्वत सहकारी गृहसंस्था नोंदली गेली. आशिया खंडातील पहिली सहकारी गृहसंस्था असा तिचा उल्लेख करण्याचा प्रघात आहे. म्हणजे आधी काटकसर व पतपेढी, मग संघटना, आणि शेवटी घर. आपल्याकडे बहुधा इमारतीच्या कोनशिलेपासून प्रारंभ होतो आणि हिशोबाची वही शेवटी शोधावी लागते.

१९१५ हे साल येण्यास कायद्याचेही कारण होते. १९०४ च्या सहकारी कायद्यान्वये केवळ पतसंस्थाच नोंदविता येत. १९१२ साली नवा कायदा झाला आणि पतपुरवठ्याखेरीज इतर कामांसाठीही सहकारी संस्था काढण्याची मोकळीक मिळाली. पुढच्याच वर्षी, १९१३ साली, सहकारी घरबांधणीच्या प्रसारासाठी मुंबईत एक मध्यवर्ती मंडळ स्थापन झाले. कायद्याचे दार उघडताच आत जाण्याची ज्यांची तयारी होती, त्यांत तालमकी व त्यांचे सहकारी अग्रभागी होते.

आता या संस्थेचे मर्म पाहू. गृहसंस्थांचे मुख्यतः दोन प्रकार त्या काळी रूढ झाले. एका प्रकारात जमीन संस्थेची राहते आणि सभासद आपापल्या भूखंडावर स्वतःचे घर बांधतो. दुसऱ्या प्रकारात जमीन संस्थेकडे असते व इमारतीही संस्थेच्याच मालकीच्या असतात. सभासद भाग विकत घेऊन संस्थेचा भागीदार होतो व तिचाच भाडेकरू म्हणून राहतो. इंग्लंडात १९०१ साली लंडननजीक ईलिंग येथे कामगारांनी अशा सहभागी भाडेकरूंची संस्था काढली होती. गावदेवीच्या मंडळींनी हाच दुसरा प्रकार पत्करला. त्यामुळे प्रत्येक कुटुंब एकाच वेळी घरमालकही झाले आणि भाडेकरूही. आपण भरलेले भाडे परक्या मालकाच्या पेटीत न जाता आपल्याच इमारतीचे कर्ज, कर व दुरुस्ती यांस लागते, ही जाणीव त्यांना मिळाली. एखादा सभासद निवर्तला तरी वारसांचा प्रश्न त्याच्या भागापुरता उरे. जमीन जागची हलत नसे. आपल्या जागेच्या बाबतीत आपण नेमके हेच विसरलो.

कोणी म्हणेल, हे मुंबईकरांचे शहाणपण, आपणास त्याचे काय? परंतु सामाईक मालमत्ता सांभाळण्याची विद्या खानदेशास परकी नाही. धुळे जिल्ह्यात पांझरेच्या काठी फड पद्धत शतकानुशतके चालत आली. नदीवर बंधारा घालून पाटाने पाणी आणावयाचे, लाभातील जमिनीचे फड पाडावयाचे, आणि एका फडात सर्वांनी एकच पीक घ्यावयाचे. पाणी वाटण्यास पाटकरी, पिकाची राखण करण्यास जागल्या. त्यांचा मोबदला शेतकऱ्यांनी मिळून द्यावयाचा आणि तंटा पंचांनी मिटवावयाचा. तेथे जमीन ज्याची त्याची व पाणी सर्वांचे. गावदेवीस इमारत सर्वांची व खोल्या ज्याच्या त्याच्या. दोन्हीकडे टिकाऊपणाचे कारण एकच: सामाईक काय व स्वतःचे काय, याची रेषा प्रथमच स्पष्ट आखलेली होती.

गावदेवीनंतर या ज्ञातीच्या वसाहती मुंबईत इतरत्रही झाल्या. सांताक्रूझची सारस्वत कॉलनी प्रसिद्ध आहे. ताडदेव येथील तालमकीवाडीने तर त्या कर्त्या पुरुषाचे नाव रस्त्यावरच्या माणसाच्या तोंडी ठेविले. इतर समाजांनीही हा मार्ग धरिला. १९६० साली महाराष्ट्र सहकारी संस्था अधिनियम झाला, १९६३ साली मालकी हक्काच्या सदनिकांचा कायदा आला. तरीही कित्येक इमारतींतील रहिवाशांची घरे त्यांची, पण खालची जमीन मूळ मालकाच्या वा बांधकाम करणाराच्या नावे, अशी विचित्र अवस्था राहिली. मालक सही देईना तर संस्थेस मानीव अभिहस्तांतरण मिळावे अशी तरतूद २००८ च्या दुरुस्तीने करावी लागली. एवढ्या मोठ्या शहरातील सुशिक्षितांचीही चूक आपल्यासारखीच होती, यात समाधान मानू नये, शहाणे व्हावे.

ज्ञातीपुरत्याच गृहसंस्था असाव्यात काय, हा प्रश्नही टाळता येत नाही. अहमदाबाद येथील पारशी गृहसंस्थेच्या खटल्यात सर्वोच्च न्यायालयाने २००५ साली, सभासदत्व आपल्या समाजापुरते ठेवणारा पोटनियम कायद्यास धरून असल्याचा निर्णय दिला. कायद्याने मुभा दिली हे खरे. तथापि आमचे नम्र मत असे की, ज्ञाती ही परस्पर विश्वासाचा प्रारंभ म्हणून उपयोगी आहे, कुंपण म्हणून नव्हे. तालमकींनी घातलेल्या पायावर सर्व समाजांची सहकारी घरे उभी राहिली, हेच त्यांच्या कार्याचे मोठेपण. शिवाय केवळ ज्ञातीच्या विश्वासावर काम भागत असते तर आपली जागा गेली नसती. विश्वास आपल्याकडे भरपूर होता. पोटनियम नव्हते, लेखापरीक्षण नव्हते, सभेचे इतिवृत्त नव्हते.

म्हणून नव्या जागेच्या योजनेसंबंधी आम्ही तीन गोष्टी सुचवितो. जागा कोणाही व्यक्तीच्या नावे न घेता नोंदणीकृत संस्थेच्याच नावे घ्यावी. कार्यालय व वसतिगृह यांसाठी सार्वजनिक न्यास नोंदवून मालमत्ता न्यासाच्या नोंदीत चढवावी. १९५० च्या न्यास कायद्यान्वये अशी स्थावर मिळकत धर्मादाय आयुक्तांच्या पूर्वपरवानगीवाचून विकता येत नाही, हेच आपले संरक्षण. आणि दर वर्षी तपासलेला हिशोब याच स्मरणिकेत, देणगीदारांच्या यादीच्या आधी, छापावा.

गावदेवीच्या त्या संस्थेस २०१५ साली शंभर वर्षे पूर्ण झाली. ज्यांनी पहिले भाग घेतले त्यांपैकी आज कोणी नाही. त्यांनी घातलेली घडी मात्र राहिली. आपणही आज जी जागा घेऊ, तिच्या कागदावर आपल्या कोणाचेही नाव नसावे. तसे झाले तरच आपल्या नातवंडांना ती आपली म्हणता येईल.