लाइम रोग

लाइम रोग : गोचिडाच्या चाव्यातून माणसाला होणारा जीवाणुजन्य आजार. बोरेलिया बर्गडॉर्फेरी हा मळसूत्री आकाराचा जीवाणू आणि त्याचे काही जवळचे भाऊबंद याला कारणीभूत असतात. उत्तर अमेरिका, युरोप आणि आशियाचा समशीतोष्ण पट्टा हे त्याचे प्रदेश. कीटक व गोचीड यांच्यामार्फत पसरणाऱ्या रोगांत अमेरिकेमध्ये याचा क्रमांक पहिला लागतो. २०१० ते २०१८ या काळात तेथे दरवर्षी सुमारे ४,७६,००० लोकांवर या रोगाचे उपचार झाले, असा तेथील रोगनियंत्रण केंद्राचा अंदाज आहे. वेळेत ओळखला तर दीड-दोन आठवड्यांच्या गोळ्यांनी बहुधा बरा होणारा हा रोग. तरीही त्यावरून डॉक्टर आणि रुग्ण यांच्यात कित्येक वर्षे उघड भांडण चालू आहे. उपचार पुरे झाल्यावरही काही जणांचा त्रास संपत नाही, आणि शरीरात जंतू उरला आहे की नाही याचा छडा लावणारी खात्रीची चाचणी डॉक्टरांच्या हाती नाही. भांडणाचे मूळ तेथे आहे.

इतिहास : अमेरिकेच्या कनेटिकट राज्यात नदीमुखाशी लाइम आणि ओल्ड लाइम ही छोटी गावे आहेत. तेथे राहणाऱ्या पॉली मरे यांच्या घरात नवरा-मुलांसह सगळ्यांनाच आलटून पालटून पुरळ, ताप, सुजलेले गुडघे असा त्रास वर्षानुवर्षे होत होता. डॉक्टरांना त्यात काही सापडेना. मरेबाईंनी मात्र कोणाला कधी काय झाले याच्या नोंदी ठेवल्या, शेजारपाजारच्या घरांतही चौकशी केली. १९७५ मध्ये त्यांनी आणि गावातल्या आणखी एका आईने राज्याच्या आरोग्य खात्याकडे स्वतंत्रपणे तक्रार केली. येल विद्यापीठाचे ॲलन स्टीअर तपासाला आले. त्यांना ५१ रुग्ण आढळले, त्यांपैकी ३९ मुले होती. हा आजार बालसंधिवातासारखा दिसत होता, पण त्या विरळ रोगाचे इतके रुग्ण एका टापूत असणे शक्यच नव्हते. रुग्ण दाट झाडीच्या रस्त्यांवरचे होते, त्रास बहुधा उन्हाळ्यात किंवा त्यानंतर सुरू झालेला होता, आणि सुमारे चौथ्या हिश्शाच्या रुग्णांना आधी उठलेला लाल चट्टा आठवत होता. १९७७ मध्ये हा आजार ‘लाइम संधिवात’ म्हणून प्रसिद्ध झाला. ज्या नोंदी डॉक्टरांनी ठेवायच्या त्या एका गृहिणीने ठेवल्या, हे या रोगाच्या पुढच्या सगळ्या राजकारणात रुग्ण विसरलेले नाहीत.

युरोपला तो चट्टा जुनाच ठाऊक होता. स्वीडिश त्वचारोगतज्ज्ञ आर्विड आफ्झेलियस यांनी १९०९ मध्येच त्याचे वर्णन करून गोचिडाच्या चाव्याशी संबंध लावला होता, आणि १९५० च्या सुमारास तेथे त्यावर पेनिसिलिनही दिले जात होते. जंतू सापडला १९८१ मध्ये. मोंटाना राज्यातील रॉकी माउंटन प्रयोगशाळेत मूळचे स्विस असलेले विली बर्गडॉर्फर न्यूयॉर्कजवळच्या शेल्टर बेटावरची गोचिडे चिरून दुसऱ्याच एका तापाचा जंतू शोधत होते. गोचिडांच्या आतड्यात त्यांना ही वळवळणारी मळसूत्रे दिसली. पुढे जंतूला त्यांचेच नाव मिळाले.

वाहक व प्रसार : पूर्व अमेरिकेत काळ्या पायांचे गोचीड, युरोपात त्याच इक्सोडीस प्रजातीतील दुसरी जात हा रोग वाहते. गोचिडाचे आयुष्य साधारण दोन वर्षांचे. अळी, कुमार आणि प्रौढ अशा प्रत्येक अवस्थेत ते एकदाच पोटभर रक्त पिते. जंतू आईकडून अंड्यात येत नाही. अळी तो पांढऱ्या पायांच्या उंदरासारख्या प्राण्याकडून घेते. हरणांवर प्रौढ गोचिडे पोसली जातात, पण हरणाकडून जंतू मिळत नाही. बदनामी मात्र हरणाच्या वाट्याला जास्त आली. माणसाला सर्वांत धोका कुमार गोचिडाचा. ते खसखशीच्या दाण्याएवढे असते, चावताना दुखत नाही, आणि काखेत, जांघेत किंवा गुडघ्यामागे बसले तर आंघोळीतही हाताला लागत नाही. चिकटल्यापासून साधारण २४ तास उलटल्यावर संसर्गाची शक्यता वाढू लागते, कारण गोचिडाच्या आतड्यात निपचित असलेला जंतू रक्त मिळाल्यावर आपले बाह्य प्रथिन बदलतो आणि मगच लाळेपर्यंत पोहोचतो. रोग इतका फैलावला यामागे शेती सोडलेल्या जमिनींवर पुन्हा वाढलेले रान, त्यात वाढलेली हरणे आणि त्याच रानात घुसलेली उपनगरे आहेत.

लक्षणे : चाव्यानंतर ३ ते ३० दिवसांत सुमारे ७० ते ८० टक्के रुग्णांना पसरत जाणारा लाल चट्टा उठतो. तो सहसा खाजत नाही, फारसा दुखत नाही. पुस्तकांतून नेमबाजीच्या चक्रासारखे त्याचे चित्र छापतात, परंतु बहुतेक चट्टे सरसकट लालच असतात आणि या चित्रापायी अनेक निदाने हुकतात. सोबत ताप, अंगदुखी, थकवा. उपचार न झाल्यास जंतू रक्तातून पसरतो : चेहऱ्याची एक किंवा दोन्ही बाजू लुळी पडते, मेंदूच्या आवरणाला सूज येते, क्वचित हृदयाचे विद्युत्संदेश अडखळतात. अमेरिकेत काही महिन्यांनी येणारे ठळक लक्षण म्हणजे सुजलेला, पाण्याने भरलेला गुडघा. उपचार न झालेल्या सुमारे ६० टक्के रुग्णांत सांधे धरतात. युरोपातील जाती मज्जातंतूंवर आणि त्वचेवर अधिक घाव घालतात. तेथे म्हाताऱ्या माणसांच्या हातापायांची कातडी निळसर होऊन पुढे कागदासारखी पातळ पडते.

निदान व उपचार : चट्टा दिसला तर रक्त तपासत बसायचे नाही, उपचार सुरू करायचे. पहिल्या काही आठवड्यांत प्रतिपिंडे तयारच झालेली नसतात, त्यामुळे चाचणी खोटा दिलासा देते. नंतरच्या अवस्थेत एलायझा आणि पाठोपाठ वेस्टर्न ब्लॉट अशी दोन पायऱ्यांची तपासणी करतात. २०१९ पासून दुसऱ्या पायरीलाही एलायझाच वापरण्याची मुभा अमेरिकेत आहे. या चाचण्या जंतू शोधत नाहीत, शरीराने त्याच्याविरुद्ध बनवलेली प्रतिपिंडे शोधतात, आणि ती बरे झाल्यावरही दहा-वीस वर्षे रक्तात राहू शकतात. डॉक्सिसायक्लिन १० ते १४ दिवस, किंवा अमॉक्सिसिलिन, हा प्रारंभीचा उपचार. सांध्यांसाठी २८ दिवस, मेंदू-मज्जेच्या किंवा हृदयाच्या गंभीर त्रासात शिरेतून सेफ्ट्रिॲक्सोन.

दीर्घकालीन परिणाम : येथे तीन गोष्टी एकात मिसळल्या जातात आणि तिथेच गोंधळ होतो. पहिली, उपचारच न झालेला किंवा उशिरा झालेला रोग. त्याची हानी खरी आणि मोजता येण्यासारखी असते, पण बव्हंशी भरून येते. हृदयाचा अडथळा काही आठवड्यांत सुटतो, कायमचा पेसमेकर क्वचितच लागतो. मात्र २०१२-१३ मध्ये अमेरिकेत तीन जणांचा या कारणाने अकस्मात मृत्यू झाल्याची नोंद आहे. वाकडा झालेला चेहरा बहुतेकांचा सरळ होतो.

दुसरी, औषधाने जंतू मेल्यावरही न उतरणारी गुडघ्याची सूज. हा जंतू विष तयार करत नाही. शरीराचा बिघाड शरीराच्याच प्रतिकारातून होतो. काहींत हा प्रतिकार थांबायचे नाव घेत नाही, आणि विशिष्ट जनुकीय ठेवण असलेल्यांत त्याचे प्रमाण जास्त असते. २०१९ मध्ये अशा रुग्णांच्या सांध्यातील पाण्यात मेलेल्या जंतूंच्या भिंतीचे तुकडे आढळले. अशा रुग्णाला प्रतिजैविक वाढवून फायदा नसतो. संधिवाताची, प्रतिकार दाबणारी औषधे कामी येतात.

तिसरी सर्वांत अवघड. योग्य उपचारानंतर सहा महिने उलटले तरी थकवा, अंगभर दुखणे, लक्ष न लागणे, शब्द न आठवणे अशा तक्रारी राहतात. प्रमाण सहसा ५ ते १० टक्के सांगितले जाते, काही अभ्यासांत याहून अधिक. रक्ताचे अहवाल नीट, स्कॅन नीट, आणि माणूस मात्र दुपारनंतर अंथरुणातून उठू शकत नाही. ‘तुम्हाला काहीच झालेले नाही’ हे वाक्य अशा रुग्णांनी पुष्कळ ऐकले आहे, आणि ते चुकीचे आहे. पण ‘जंतू लपून बसला आहे, आणखी प्रतिजैविक घ्या’ या म्हणण्यालाही चाचण्यांत आधार मिळालेला नाही. २००१ मध्ये प्रसिद्ध झालेल्या अमेरिकन चाचणीत १२९ रुग्णांपैकी निम्म्यांना तीन महिने प्रतिजैविके दिली. लटक्या औषधाच्या गटापेक्षा त्यांना अधिक बरे वाटले नाही. २०१६ मधील डच चाचणीचा निष्कर्षही तोच होता. शिरेतून महिनोन्‌महिने औषध घेणाऱ्यांना नळीतून जंतुसंसर्ग, रक्तात गुठळ्या, पित्ताशयात खडे असे नवे आजार मात्र जडले. कोविडनंतर रेंगाळणाऱ्या थकव्याने जगाला हाच प्रश्न मोठ्या प्रमाणावर पाडला, तेव्हापासून या रुग्णांकडे थोड्या आस्थेने पाहिले जाऊ लागले.

‘क्रॉनिक लाइम’ हे नाव याहूनही सैल आहे. त्याखाली लाइमचा कसलाच पुरावा नसलेले, इतर आजारांनी थकलेले रुग्णही येतात आणि काही खासगी दवाखान्यांना ते सोयीचे पडते. वाद न्यायालयाच्या दारापर्यंत गेला. संसर्गरोगतज्ज्ञांच्या अमेरिकन संघटनेच्या २००६ च्या मार्गदर्शक सूचनांची कनेटिकटचे तेव्हाचे महाधिवक्ते रिचर्ड ब्लूमेंथाल यांनी चौकशी लावली. तडजोडीनुसार नेमलेल्या समितीने २०१० मध्ये त्या सूचना ग्राह्य ठरवल्या. दरम्यान २००९ मध्ये याच राज्याने दीर्घकाळ प्रतिजैविके देणाऱ्या डॉक्टरांना संरक्षण देणारा कायदा केला. विज्ञानाचा निकाल एकीकडे, विधिमंडळाचा दुसरीकडे.

प्रतिबंध : झाडीत जाताना लांब बाह्या, पायमोजांत खोवलेली पँट, परत आल्यावर अंग तपासणे. चिकटलेले गोचीड बारीक चिमट्याने कातडीलगत धरून सरळ वर ओढायचे. तेल, रॉकेल, पेटती काडी यांच्या फंदात पडू नये. जास्त प्रादुर्भावाच्या भागात गोचीड काढल्यापासून ७२ तासांच्या आत डॉक्सिसायक्लिनचा एकच डोस देतात. लाइमरिक्स नावाची लस १९९८ मध्ये बाजारात आली होती. लस घेतलेल्याचे रक्त पोटात गेले की गोचिडाच्या आतड्यातच जंतू मरत असे, अशी तिची चतुर रचना होती. लशीने संधिवात होतो अशी ओरड झाली, पुरावा सापडला नाही, पण खप पडला आणि २००२ मध्ये ती मागे घेतली गेली. कुत्र्यांसाठी लाइमची लस मिळत राहिली, माणसांसाठी नाही. नव्या लशीची मोठी चाचणी २०२२ मध्ये सुरू झाली.

भारत : सिंधुदुर्ग आणि गोव्यात गोचीड म्हटले की माकडताप आठवतो, पण तो विषाणूचा रोग, वाहक गोचीडही निराळे आणि प्रतिजैविकांचा त्यावर उपयोग नाही. लाइमचे भारतातून तुरळक रुग्ण नोंदले गेले आहेत, आणि नागरहोळे-बंदिपूर भागातील तपासणीत काहींच्या रक्तात प्रतिपिंडे आढळली आहेत. मराठी वाचकाशी त्याचा थेट संबंध येतो तो न्यूजर्सी, मॅसॅच्युसेट्स, कनेटिकटमधल्या मुलांकडे उन्हाळा काढून परतणाऱ्या आईवडिलांमुळे. सावळ्या कातडीवर चट्टा लाल न दिसता मार लागल्यासारखा काळपट दिसतो, आणि जांघेत असेल तर इथे तो सहज नायटा समजला जातो. म्हणून डॉक्टरांना प्रवासाची आणि घरामागच्या बागकामाची माहिती आपणहून द्यावी. उलट बाजूने, लाइमच्या चाचणीत उपदंश व लेप्टोस्पायरोसिस या मळसूत्री जंतूंच्याच रोगांमुळे चुकीचा ‘पॉझिटिव्ह’ येऊ शकतो. पावसाळ्यात लेप्टोचे रुग्ण आढळणाऱ्या कोकणात, कधी परदेशी न गेलेल्या माणसाचा असा अहवाल आला तर आधी लेप्टोचा विचार करावा लागतो.